हे नाटक कोणाचं? झाडीपट्टीतल्या रात्रभराच्या नाटकाची गोष्ट

 

आज एक प्रश्न घेऊन आलोय. आपल्या सगळ्यांच्या खिशात फोन आहे. त्यात सिनेमे, सिरीज, रील्स, सगळं जवळपास फुकट. असं असताना महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात, ऐन थंडीत, हजार-दीड हजार वस्तीच्या गावात लोक तिकीट काढून नाटक बघायला बसतात. नाटक दोन-अडीच तासांचं नाही बरं का. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. कान टोपीत, अंगावर शाल, मांडीवर झोपलेलं पोर, आणि समोर नाटक. हे एका गावात, वर्षातून एकदा होतं असंही नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत, चार जिल्ह्यांत, रोज रात्री कुठे ना कुठे चालू असतं.

हे म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भाचे चार जिल्हे डोळ्यांसमोर आणा. झाडांचा मुलूख म्हणून झाडी, झाडीपट्टी. इथे जंगल आहे, वैनगंगा आहे, गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि मुख्य म्हणजे धान आहे. पश्चिम विदर्भ म्हटलं की कापूस आठवतो ना? तसा इथे धान.

आपण शाळेत काय शिकलो? 5 नोव्हेंबर 1843, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. मराठी रंगभूमीची सुरुवात. त्या दिवसाची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. तिथून पुस्तक पुढे जातं ते मुंबई-पुण्याकडे. संगीत नाटक, मग गद्य नाटक, मग प्रायोगिक. गंमत बघा, रंगभूमी दिन येतो तो दिवाळीच्या आसपास, म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो अगदी त्याच सुमाराला. पण पुस्तकात झाडीपट्टी सापडायला जरा शोधावंच लागतं.

म्हणून आज मी इतिहासाची सनावळी सांगणार नाही. एकच प्रश्न चार बाजूंनी विचारणार आहे. हे नाटक कोणाचं? रात्र कोणाची, जागा कोणाची, पैसा कोणाचा, आणि शेवटी, शब्द कोणाचे?

आधी रात्र.

धानाचं वर्षाचं गणित असतं. पावसाळ्यात रोवणी. चिखलात वाकून, एकेक रोप लावत. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते. धानाचे पुंजणे रचले जातात, मळणी होते, धान घरात किंवा केंद्रावर जातं. मग हाताला थोडा पैसा आणि थोडी उसंत, दोन्ही एकदमच येतं. नाटकाचा हंगाम नेमका तिथे बसतो. भाऊबीजेपासून मंडई भरू लागतात. मंडई म्हणजे तुमची भाजी मंडई नव्हे हं! दिवाळीनंतर एकेका गावात ठरलेल्या दिवशी भरणारी जत्राच ती. दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, आणि रात्री नाटक. पुढे थंडीत शंकरपट. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट, रात्री नाटक, अशी जोडीच ठरून गेलेली.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या. 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधली इतकी वर्षं दिवसाचा पट गेला. पण रात्रीचं नाटक गेलं नाही. पटासाठी येणारा पाहुणा नाटकासाठी येत राहिला. तेव्हा नाटक ही पटाची शेपटी नव्हती, हे त्या काळानं दाखवून दिलं.

आणि रात्रभरच का? साधा हिशेब करा. शेजारच्या दहा गावांतून लोक येणार. कोणी सायकलनं, कोणी बैलबंडीनं, आता मोटारसायकलनं. नाटक बारा वाजता संपलं तर एवढ्या लोकांनी थंडीत, जंगलातल्या रस्त्यानं जायचं कसं? आणि राहायचं म्हटलं तर घरात एवढी अंथरुणं कुठून आणायची? नाटक पहाटेपर्यंत चाललं की दोन्ही प्रश्न मिटतात. उजाडलं की चहा घ्यायचा आणि आपापल्या गावी निघायचं. शहरातलं नाटक शेवटच्या लोकलकडे बघून संपतं. इथलं नाटक सूर्याकडे बघून संपतं.

रात्र गावाची, हे एवढ्यावरून कळतं. आता जागा.

नाट्यगृह म्हटलं की आपल्याला एसी हॉल आणि लाल खुर्च्या दिसतात. झाडीपट्टीत पूर्वापार नाट्यगृह शेतात उभं राहतं. धानाच्या शेताच्या तुकड्याला तिकडे बांधी म्हणतात. पीक निघालं की बांधी मोकळी. तिथे माती खणून बसायला उतार करायचा, निघालेल्या मातीचा उंचवटा करून त्यावर मंच बांधायचा, आणि भोवती कनात. खेळ झाला की पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा धान. आता बऱ्याच ठिकाणी भाड्याचा मंडप आणि खुर्च्या येतात. पण नाटकासाठी वेगळी इमारत लागते, ही कल्पनाच या रंगभूमीला कधी शिवली नाही. त्यामुळे रस्ता पोहोचतो तिथवर नाटक पोहोचतं.

मंचावर बघाल तर वरून माइक लोंबत असतात. नट आपलं वाक्य घेऊन माइकखाली येतो. समोर वादक बसलेले, पेटी, तबला, आता ऑक्टोपॅड. गाणी तिथल्या तिथे गायची. रंगवलेले पडदे, विंगेत प्रॉम्प्टर. तालमी फार होत नाहीत, कारण नट आज या गावात आणि उद्या त्या गावात, रोज नवा खेळ. तुम्हाला सफाईदार, मोजूनमापून बसवलेलं नाटक बघायची सवय असेल, तर पहिल्या तासात तुम्ही बिचकाल. अभिनय मोठा, आवाज मोठा, रडणंही मोठं. पण मागच्या कनातीला टेकून बसलेल्या आजीपर्यंत ते पोहोचायला हवं ना! ती आजी उठून गेली की नाटक पडलं, असा सरळ न्याय आहे.

हे नाटक आलं कुठून? एकाएकी नाही आलं. या भागात दंडार होती. शेतीची कामं उरकली की गावातलेच पुरुष एकत्र येऊन रात्री नाचत, गात, सोंगं काढत. खडी गंमत होती. शाहीर, ढोलकी, आणि बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, ज्याला राधा म्हणतात. गोंधळ होता, कीर्तन होतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. करणारे आणि बघणारे एकाच गावचे. काल ज्याच्यासोबत बांधावर विडी ओढली, तोच आज राजा म्हणून समोर उभा. नाटक आलं ते या सवयीच्या पाठीवर बसून. गावागावांत हौशी मंडळं झाली. शाळेतला मास्तर नाटक लिहायचा किंवा कुठून तरी संहिता आणायचा, गावातली पोरं कामं करायची, मिशा न फुटलेला एखादा मुलगा नायिका व्हायचा.

मग हळूहळू व्यवसाय उभा राहिला. त्याचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. गोंदिया ते बल्लारपूर या रेल्वेमार्गावरचं हे स्थानक. चारही जिल्ह्यांतून तिथे पोहोचणं सोपं. म्हणून नाट्य कंपन्यांनी तिथे बस्तान बसवलं. हंगामाच्या तोंडावर वडशात गेलात तर रस्त्याच्या कडेला कंपन्यांची कार्यालयं, मोठमोठे फलक आणि त्यावर नटनट्यांचे चेहरे दिसतील. नागपूरकडून कलाकार येतात आणि हंगामभर खोली घेऊन राहतात. कधी मुंबईचे, टीव्ही-सिनेमातले चेहरेही पाहुणे म्हणून येतात. 2022 मध्ये आलेला तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा याच दुनियेवर आहे. नावातच सगळं आलं, झाडीपट्टीचं बॉलीवूड!

इथे कोणी म्हणेल, थांबा, कंपन्या आल्या, पगारी नट आले, मग हे गावाचं नाटक कसलं? हा तर धंदा झाला.

म्हणूनच तिसरा प्रश्न. पैसा कोणाचा?

तर पद्धत अशी आहे. गावात मंडळ असतं. पोरांचं असेल, शाळेसाठी असेल, देवळासाठी असेल. मंडळाची चार-पाच माणसं वडशाला जातात. कंपन्या फिरतात, कोणतं नाटक, कोण नट, कोण कॉमेडी करणार, सगळं विचारतात. तारीख आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो. मग गावात येऊन तिकिटं छापायची, रिक्षाला भोंगा बांधून आसपासच्या गावांत फिरवायचा, मंडप, वीज, कलाकारांचं जेवण, सगळं मंडळानं बघायचं. कंपनीला ठरलेली रक्कम द्यायचीच. तिकीटविक्री कमी झाली तर खड्डा मंडळाच्या पोरांच्या खिशाला. जास्त झाली तर उरलेला पैसा शाळेच्या खोलीला, देवळाच्या सभामंडपाला, गावच्या कुठल्याशा कामाला.

बघा, यात जोखीम कोणी घेतली? गावानं. आणि जो जोखीम घेतो, तोच ठरवतो. अनुदान आलं नाही म्हणून इथला हंगाम अडत नाही. पण धान बुडालं तर अडतो. अवकाळी पावसानं पुंजणे भिजले की वडशातल्या नटाच्या पोटात गोळा येतो. कोरोनात लोक जमणंच बंद झालं तेव्हा तर सगळ्यांचेच हात रिकामे झाले, नटाचे, वादकाचे, मेकअप करणाऱ्याचे, पडदेवाल्याचे आणि मंडपाबाहेर चहा-भजी विकणाऱ्या बाईचेही.

पैशाच्या पलीकडे आणखी एक खर्च आहे, तो तिकिटावर छापलेला नसतो. नाटक असलं की प्रत्येक घरी पाहुणे. जावई, व्याही, मामा, मावशी. दुपारपासून चुली पेटलेल्या. एकेका घरात वीस-वीस माणसांचं जेवण. पाहुण्यांच्या गर्दीत मुलगी बघितली जाते, मुलगा बघितला जातो, सोयरिकी जुळतात. एकाच रात्री एकाच गावात दोन-तीन नाटकंही लागतात आणि तरी सगळ्या मंडपांत माणसं असतात. पाहुण्यांना नाटक न दाखवता पाठवलं तर गावाची शोभा जाते. म्हणून म्हणतो, नट पगारी असतील, पण यजमान गावच आहे.

या यजमानपणातून कलाकार घडतात. परशुराम खुणे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात लोक त्यांना. विनोदी नट. आता हा आकडा मनात जरा घोळवा. पाच हजार रात्री! त्यातली प्रत्येक रात्र कुठल्या ना कुठल्या गावानं स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली. दिल्लीत पदक एका माणसाच्या छातीवर लागलं, पण त्यात त्या सगळ्या मंडळांचा वाटा आहे.

रात्र गावाची. जागा गावाची. पैसा गावाचा. आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. शब्द कोणाचे?

लेखक इथलेच आहेत, ही मोठी गोष्ट. मुंबईत गाजलेलं नाटक आणून करायचं, एवढ्यावर हा हंगाम चालूच शकत नाही. दरवर्षी नवं नाटक लागतं, कारण तेच प्रेक्षक पुन्हा येणार. म्हणून इथले शिक्षक, नोकरदार, शेतकरी, स्वतः नट असलेली माणसं लिहितात. विषयही घरचेच. भावाभावांची वाटणी, सासर-माहेर, हुंडा, दारू, सावकार, गावचं राजकारण, शेतकऱ्याचं कर्ज. रडवणारा प्रसंग झाला की मागोमाग हसवणारा. रात्रभर माणूस जागा ठेवायचा तर दुसरा उपाय नाही.

पण बोलतात कसे? कान देऊन ऐका. नायक बहुतेकदा पुस्तकी मराठी बोलतो. नायिका तशीच. खलनायक तर आणखी भारदस्त. आणि विनोदी पात्र मात्र प्रेक्षकांच्या भाषेत, झाडीबोलीत बोलतं. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकानं आयुष्य घालवून दाखवून दिलं की ही बिघडलेली मराठी नाही, हिला स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःचा शब्दसाठा आहे. रोवणीचे, बांधीचे, जंगलाचे, माशांचे शब्द आहेत, ज्यांना प्रमाण मराठीत जोडच नाही.

आता मंडपात बसलेल्या दहावीतल्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवा. ती घरी झाडीबोली बोलते. मंचावर तिची भाषा कोण बोलतो? ज्याला बघून हसायचं असतं, तो. प्रेम, त्याग, न्याय, बंड, ही सगळी कामं दुसऱ्या भाषेकडे. रोज कोणी तिला सांगत नाही की तुझी भाषा हलकी आहे. पण रात्रभर बसून ती शिकते तेच. पुढे नागपूर-पुण्याला कॉलेजात गेल्यावर ती ‘पानी’ म्हणताना अडखळते, त्याची सुरुवात थोडीफार इथेही असते.

दुसरा धोका उलट बाजूनं येतो. गर्दी खेचायची म्हणून नाटकाच्या मधे नाचगाणी वाढवायची, दुहेरी अर्थाचे विनोद वाढवायचे. फलकावर नाटकाच्या नावापेक्षा नाचाची जाहिरात मोठी. मंडळाच्या पोरांचीही अडचण समजून घ्या, तिकिटं खपली नाहीत तर पैसे त्यांनाच भरायचे आहेत. पण मग ज्या आजीसाठी आवाज मोठा काढायचा, ती आजी घरीच बसते. सुना-मुलींना घरी ठेवलं जातं. आणि त्याहून वाईट, मंचावर काम करणाऱ्या बाईकडे बघायची नजर बदलते. एकेकाळी बाईचं काम पुरुष करायचे, कारण बाईनं मंचावर येणं गावाला चालत नव्हतं. आज त्या आल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचं घर या चार महिन्यांच्या कमाईवर चालतं. पहाटे खेळ संपवून गाडीत बसून पुढच्या गावाला जाणाऱ्या या बायकांना आपण नटी म्हणून वागवतो की आणखी काही म्हणून, याचं उत्तर कंपनीनं द्यायचं आहेच, पण यजमान गावालाही ते टाळता येणार नाही. बोलावणारं गावच आहे ना!

मला वाटतं, या दोन्ही गोष्टींचं उत्तर बाहेरून येणार नाही. शहरातून कोणी जाऊन झाडीपट्टी सुधारणार नाही, आणि तसा आव कोणी आणूही नये. उत्तर मंडळाच्या हातात आहे. वडशाला जाऊन इसार देणारी ती चार-पाच पोरं आहेत ना, ती जर म्हणाली की आम्हाला अमुक नाच नको, तमुक नाटक हवं, तर कंपनी ऐकेल. ऐकावंच लागेल, पैसा त्यांचा आहे. त्यांनी विचारलं की दादा, नायक आमच्या बोलीत बोलणारं एखादं नाटक आहे का, तर पुढच्या वर्षी कोणीतरी ते लिहील. या रंगभूमीची सगळी ताकद त्या एका व्यवहारात आहे. मागणी गावाची असते, फक्त गावानं नीट मागितलं पाहिजे.

आणि लिहिणारे? तुमच्यापैकी कोणी ब्रह्मपुरीचे असाल, साकोलीचे असाल, अर्जुनी मोरगावचे, आरमोरीचे असाल. फोनवर रील बनवताना तुम्ही झाडीबोलीत बोलता, आणि ती मस्त चालतात. का चालतात? कारण ऐकणाऱ्याला वाटतं, अरे, हा तर आपला माणूस. पण तिथेही बोली येते ती बहुतेकदा हसवायलाच. एकदा तिच्यातून रडवून बघा. बाप मुलाला शेत विकू नको म्हणतो, तो प्रसंग बापाच्या खऱ्या भाषेत लिहून बघा. दहा मिनिटांचा लिहा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये करा, गणपतीत करा. चार माणसं गप्प झाली तर समजा जमलं.

बाकीच्यांसाठीही एक काम आहे. कोकणात दशावतार आहे, गोव्यात देवळाच्या जत्रेत गावकरी नाटक करतात, तुमच्याही गावात काही ना काही असेल किंवा कधीकाळी होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, नाटक कोण लिहायचं? नायिका कोण व्हायचं? पैसे कुठून यायचे? फोनमध्ये रेकॉर्डर आहेच, तो चालू ठेवा. आजोबा खुलले की मधे थांबवू नका.

आणि जमलंच तर या थंडीत एकदा झाडीपट्टीत जा. वडशाला उतरा, कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा की आज नाटक कुठे आहे. तिकीट काढा, फुकट पासवर बसू नका. सोबत एक चांगलं ब्लँकेट घ्या, दहाच्या आत पोहोचा. पहिल्या तासात बिचकाल, हे मी आधीच सांगितलंय. तरी उठू नका. पहाटे तीनच्या सुमाराला, मंचावरची आई मुलाला शोधत असते आणि हजार माणसांचा मंडप चिडीचूप असतो, तेव्हा आजूबाजूला बघा. कोणाच्याही हातात फोन नसेल.

चला, आज इथेच थांबतो. ऐकत राहा, आणि आजोबांचं रेकॉर्डिंग केलंत तर आम्हालाही ऐकवा. नमस्कार!